जाहिरात खाते नावे

व्यापारी घरांतील जुन्या खतावण्या चाळल्या, तर जाहिरात या नावाचे खाते त्यांत क्वचितच आढळते. खर्च होत नव्हता असे नाही. दिवाळीला गिऱ्हाइकांच्या घरी जाणारी दिनदर्शिका, दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी, एस.टी. स्थानकासमोरच्या भिंतीवर रंगवलेली पाटी, एखाद्या महोत्सवाच्या स्मरणिकेतील पाव पान, चित्रपटगृहात मध्यंतराला झळकणारी स्लाइड, हे सारे होतेच. ते बहुधा किरकोळ खर्चाच्या पोटात जिरून जाई. त्यातून किती माल विकला गेला, असे कोणी विचारले नाही. त्या खर्चातील निम्मा भाग व्यापाराचा आणि निम्मा संबंधांचा होता, आणि संबंधांचा हिशेब रोजकीर्दीत मांडायचा नसतो, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती.

आता तसे राहिलेले नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांवरील जाहिरातीची रक्कम दरमहा कार्डावरून परस्पर कापली जाते आणि ती दिनदर्शिकेच्या खर्चाहून पुष्कळ मोठी असते. शिवाय हा खर्च करणारी व्यक्ती बहुधा गादीवर बसणारी नसते. ती घरातील मुलगा असते, पुतण्या असते, किंवा सून असते. म्हणून या खर्चाची विचारणा झाली, की ती केवळ पैशांची विचारणा राहत नाही.

सांगलीच्या बाजारपेठेतील एका साडीच्या दुकानाची हकीकत याबाबतीत सांगण्यासारखी आहे. दुकान दोघा भावांचे. थोरले, ज्यांना सारा बाजार अण्णा म्हणतो, ते गादी सांभाळतात. धाकटे, म्हणजे घरातील पुढच्या पिढीचे काका, खरेदी पाहतात. इचलकरंजी, सुरत, इळकल या त्यांच्या ठरलेल्या वाटा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाशी ५७ फुटांची रेषा ओलांडली, तेव्हा तळमजल्यावरचा माल पाण्यात गेला. तो सावरून नवा माल भरला आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. दुकानाचे दार बंद, कपाटे भरलेली आणि सात नोकरांचे पगार डोक्यावर, अशा दिवसांत अण्णांच्या सूनबाईंनी घरच्या गच्चीवर साड्या अंथरून त्यांची छायाचित्रे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत पाठवण्यास प्रारंभ केला. त्या बी.कॉम. आहेत, लग्नाआधी एका सहकारी बँकेत काम करीत होत्या. छायाचित्रांवरून मागणी येऊ लागली. पुढे इन्स्टाग्रामचे खाते निघाले, वर्षअखेरीस वेबसाइट उभी राहिली आणि नोकरांचे पगार निघाले. त्या काळात कोणीही हिशेब मागितला नाही.

हिशेब मागितला गेला तो बाजार पूर्ववत झाल्यानंतर, गेल्या दिवाळीच्या पाडव्यानंतर चार दिवसांनी. गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दोन महिन्यांत जाहिरातीवर ३६,००० रुपये गेले होते आणि पुण्याच्या एका जाहिरात-सल्लागारास १२,००० रुपये दिले गेले होते. दिवाणजींनी हे ४८,००० रुपये दुकानाच्या खर्चात लिहिले. ते पाहून काका म्हणाले, "अण्णा, ही रक्कम कुणाच्या नावे टाकायची? दुकानाच्या, की तुमच्या?"

एकत्र पेढीत ‘तुमच्या’ या शब्दाला काय वजन असते, हे व्यापारी घरांना समजावून सांगण्याची गरज नाही. चाळीस वर्षांत त्या दुकानात तो शब्द उच्चारला गेला नव्हता. अण्णा काही बोलले नाहीत. सूनबाईंनी एवढेच म्हटले, की काका, मला थोडी मुदत द्या, मी सारे मांडून दाखवते.

सल्लागाराने पाठवलेला अहवाल त्यांच्याजवळ होता. रंगीत आलेख, बाण वर गेलेले, रिच काही लाखांत, इम्प्रेशन त्याहून अधिक, फॉलोअर वाढलेले. काकांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि परत देताना म्हणाले, की दुकानासमोरून दिवसभरात किती माणसे गेली हे मोजून कुणाची भवानी होत नाही. हे म्हणणे कठोर असले तरी यथार्थ होते. रिच म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांच्या पडद्यावर आली, आणि इम्प्रेशन म्हणजे एकूण किती वेळा आली. पाहणाऱ्याने अंगठ्याने ती वर सरकवली की थांबून पाहिली, हे त्यांवरून कळत नाही. त्यातही मोजणारा आणि जागा विकणारा एकच. फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये स्वतःच मान्य केले होते, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा त्यांनी दिलेला आकडा फुगलेला होता, कारण तीन सेकंदांहून कमी वेळ पाहणारे त्या सरासरीतून वगळले गेले होते. तराजू दुकानदाराचा असला, तरी वजनमापे खात्याचा शिक्का त्यावर लागतो. इथे तसा शिक्का मारणारे कोणी नाही.

म्हणून सूनबाईंनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि वेबसाइटची स्वतःची वही उघडली. ही वही म्हणजे गूगल ॲनालिटिक्स. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या साधनातून ही विनामूल्य सेवा सुरू केली. वेबसाइटच्या प्रत्येक पानात संकेताच्या काही ओळी असतात. पान उघडले की पाहणारा कुठून आला, कोणती पाने पाहिली, किती वेळ थांबला, मागणी नोंदवली की नाही, याची टिपणे त्या ओळी पाठवीत राहतात. दुकानाच्या दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करणाऱ्या इमानी पोऱ्यासारखे हे काम आहे. फक्त हा पोऱ्या नाव विचारीत नाही.

वही उघडताच पहिली निराशा झाली. टाळेबंदीच्या काळातील नोंदी तिच्यात नव्हत्याच. गूगलने या साधनाची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ रोजी बंद केली, आणि वर्षभराने जुन्या नोंदी पाहण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी त्या मुदतीत नोंदी उतरवून ठेवल्या नाहीत, त्यांच्या नोंदी गेल्या. त्या दुकानाच्या माळ्यावर आजोबांच्या हातच्या मोडी लिपीतील वह्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत, पुराच्या पाण्यातूनही त्या वाचल्या. आणि चार वर्षांपूर्वीचा संगणकावरील हिशेब मात्र मिळेना. परक्याच्या घरी फुकट ठेवलेली वही घरमालकाच्या मर्जीवर असते. सूनबाई आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्व आकडे उतरवून दुकानाच्या संगणकावर ठेवतात.

दुसरी निराशा अधिक बोचणारी होती. हंगामात वेबसाइटवर एकूण १४० मागण्या आल्या होत्या. फेसबुकच्या जाहिरात-पानावर लिहिले होते, की त्यांपैकी १०० आमच्यामुळे आल्या. ॲनालिटिक्सच्या वहीत मात्र फेसबुक आणि इन्स्टाग्रामकडे ६४ च मागण्या जमा होत्या, ४० ‘डायरेक्ट’ या खात्यात होत्या आणि उरलेल्या ३६ गूगल-शोधातून व इतरत्रून आल्या होत्या. एकाच मालाच्या दोन वह्या, आणि ताळा जमत नाही.

याचे कारण समजण्यास दलालीचा व्यवहार आठवावा. एका दलालाने गिऱ्हाईक दुकान दाखवले, आठ दिवसांनी दुसऱ्याने त्याच गिऱ्हाइकाला आणून सौदा पुरा केला. दलाली कुणाची? फेसबुकचा रिवाज असा, की जाहिरातीवर बोट लावल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती पाहिल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर ती आपल्या जमेस धरायची. पाहणाऱ्याने त्यानंतर गूगलवर दुकानाचे नाव शोधून खरेदी केली असली, तरी फेसबुक दलाली मागणारच. ॲनालिटिक्स साऱ्या वाटा पाहून श्रेय ठरवते; परंतु नुसती पाहिलेली जाहिरात तिला दिसत नाही, म्हणून ती बोटाची खूणच मानते. त्यात २०२१ च्या एप्रिलपासून ॲपलने आपल्या फोनवर नियम केला, की माग काढण्यापूर्वी प्रत्येक ॲपने फोनधारकाची परवानगी घ्यावी. परवानगी न देणाऱ्यांच्या बाबतीत जाहिरात कंपन्यांना बराचसा अंदाजच बांधावा लागतो. तेव्हा कोणताही एक आकडा वेदवाक्य मानू नये, आणि दोघा दलालांच्या मागण्यांची बेरीज तर कधीच करू नये. ती दुकानाच्या विक्रीहूनही मोठी निघू शकते.

मग ते ‘डायरेक्ट’ खाते. गिऱ्हाइकाने वेबसाइटचा पत्ता स्वतः टंकला, असा त्या शब्दाचा भोळा अर्थ होतो. प्रत्यक्षात ॲनालिटिक्सला जिचा उगम सापडत नाही, अशी प्रत्येक भेट तिथे पडते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून येणारी गिऱ्हाइके बव्हंशी तिथेच जातात. अमेरिकेतील एका पत्रकाराने २०१२ साली अशा खासगी देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. अंधारातील म्हणजे वाईट नव्हे, न दिसणारी. सांगली-कोल्हापूरकडील साडीचा व्यापार तर याच अंधारात चालतो. नणंद भावजयीला दुवा पाठवते, भावजय भिशीच्या गटात टाकते, आणि चौथ्या दिवशी मिरजेहून मागणी येते.

या अंधारात दिवा लावण्याची युक्ती मात्र सोपी आणि फुकट आहे. कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत जुन्या दुकानांत होती. गिऱ्हाइकाला ती अक्षरे निरर्थक वाटत आणि गादीवरच्या माणसाला सारे सांगून जात. तसाच संकेत दुव्याच्या शेवटी जोडता येतो. त्याला यूटीएम म्हणतात. त्यातील ‘यू’ हे त्या अर्चिन कंपनीचे आद्याक्षर. सोर्स म्हणजे कुठून, मीडियम म्हणजे कोणत्या मार्गाने आणि कॅम्पेन म्हणजे कोणत्या मोहिमेत, या तीन खुणा पुरतात. दोन मोहिमांतील चित्रे वेगळी ओळखायची असल्यास कंटेंट ही आणखी एक खूण असते. सूनबाईंनी व्हॉट्सॲपच्या प्रत्येक दुव्याला वेगळी खूण लावली आणि महिन्याभरात ‘डायरेक्ट’ खाते अर्ध्याहून खाली आले.

खुणा लावण्यात शिस्त हवी. इंग्रजी अक्षर एकदा मोठे आणि एकदा लहान लिहिले, तर ॲनालिटिक्स त्यांची दोन खाती उघडते. खतावणीत एकाच उधारदाराची दोन पाने निघावीत तसे. शिवाय इन्स्टाग्रामची खूण असलेला दुवा कोणी उचलून व्हॉट्सॲपवर पाठवला, तर पुढची सारी गिऱ्हाइके इन्स्टाग्रामच्याच जमेस पडतात. म्हणजे खूण पहिल्या दाराची असते, शेवटच्या दाराची नव्हे. हे ध्यानात ठेवले की पुरे.

इथवर झाली ती मोजणी. हिशेब अजून झालाच नव्हता. तो एका रविवारी दुपारी झाला. गादीवर अण्णा, समोर काका, बाजूला दिवाणजी आणि कोऱ्या कागदांची चवड घेऊन सूनबाई. त्यांनी वादाला जागा नको म्हणून फेसबुकचा सर्वांत उदार आकडाच धरला: १०० मागण्या, सरासरी २,००० रुपयांची एक, एकूण २,००,००० रुपये. जाहिरातीचे ३६,००० धरता हे साडेपाचपट उत्पन्न होते, आणि सल्लागाराच्या अहवालात तोच आकडा ठळक अक्षरांत होता.

मग वजाबाकी सुरू झाली. शंभरांपैकी २२ पार्सले परत आली होती. घरपोच आल्यावर पैसे देण्याची सवलत असल्याने कोणी दार उघडले नाही, कोणी फोन उचलला नाही, कोणी म्हणाले की मागवलेच नव्हते. दिवाणजी या टप्प्यावर प्रथमच बोलले. ही विक्री नव्हे, हे जांगड आहे, असे ते म्हणाले, आणि साऱ्या चर्चेतील ते सर्वांत नेमके वाक्य होते. पसंतीसाठी नेलेला माल जोवर ठेवून घेतला जात नाही, तोवर जांगड वहीतून तो विक्रीच्या वहीत येत नाही, हा नियम प्रत्येक पेढीला ठाऊक आहे. फेसबुकला तो ठाऊक नाही. त्याच्या लेखी मागणी नोंदली की विक्री झाली. ॲनालिटिक्समध्ये परतीची नोंद करण्याची सोय आहे, परंतु ती वेबसाइटने कळवावी लागते, आणि ती कोणी कळवली नव्हती.

उरल्या ७८ मागण्या, १,५६,००० रुपयांच्या. जीएसटी आणि मालाची किंमत वजा जाता दुकानाला त्यात शेकडा ३० सुटतात, म्हणजे ४६,८०० रुपये. कुरिअरचे जातानाचे १०० पार्सलांचे दर नगी ८० प्रमाणे ८,०००, परतीच्या २२ चे १,७६०, आणि खोकी-पिशव्यांचे १,५००. हाती राहिले ३५,५४० रुपये. त्यातून जाहिरात आणि सल्लागार यांचे ४८,००० वजा केले, तेव्हा १२,४६० रुपयांचा तोटा निघाला. साडेपाचपट उत्पन्नाचा तोटा!

काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले नाही, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी फक्त विचारले, की एवढेच आहे का आणखी काही?

आणखी होते. आधीच्या वर्षी जाहिरातीतून प्रथम आलेल्या गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक तपासता, चौघांतील साधारण एकाने वर्षभरात पुन्हा खरेदी केली होती, जाहिरातीवर बोट न लावता. तेच प्रमाण धरून ७८ पैकी २० जण पुन्हा येतील असे मानले, तर पार्सल-खर्च वजा जाता १०,१०० रुपये आणखी सुटतात. तोटा २,३६० वर आला. पुन्हा येणारे गिऱ्हाईक हीच व्यापाराची खरी पुंजी असली, तरी हा आकडा अंदाजाचा आहे, हे सूनबाईंनी कागदावर त्याच्या शेजारी लिहून ठेवले.

आणि ज्याची नोंद कोणत्याही संगणकाकडे नव्हती, ती बाब दुकानातल्या पाठपोट वहीत होती. हंगामाच्या सुरुवातीसच त्यांनी गल्ल्यावरच्या मुलाला सांगून ठेवले होते, की जे गिऱ्हाईक फोनवरचे चित्र दाखवून साडी मागेल, त्याच्या नावापुढे फुली कर आणि गाव विचारून लिही. अशा ४० फुल्या होत्या. त्यांतील २७ घरे शहरातली किंवा जुन्या खात्याची होती. ती फोनवर चित्र न पाहताही आली असती, म्हणून त्यांनी ती आपणहून खोडली. उरलेली १३ घरे तासगाव, पलूस, विटा, जत या बाजूंची, दुकानात प्रथमच आलेली. त्यांतील बहुतेकांनी लग्नाचा बस्ता बांधला. सरासरी ६,००० ची खरेदी धरता ७८,००० रुपयांची विक्री आणि २३,४०० रुपये नफा. आता बेरीज २,३६० नावेऐवजी २१,०४० जमा दाखवू लागली.

एकाच खर्चाचे तीन निकाल: अहवालात साडेपाचपट, पार्सलांच्या वहीत तोटा, आणि गल्ल्यावरच्या फुल्यांसह नफा. ज्या दुकानाला वेबसाइटही आहे आणि उंबराही आहे, त्याने केवळ वेबसाइटच्या वहीवरून जाहिरात बंद किंवा चालू करू नये, याला याहून मोठा पुरावा नको. ॲनालिटिक्स उंबऱ्याच्या आत पाहू शकत नाही. तिथे माणसालाच विचारावे लागते, आणि विचारण्याची लाज वाटू देऊ नये.

काकांनी सारे ऐकून घेतले आणि मग दोन गोष्टी बोलले. पहिली अशी, की ही तेरा घरे जाहिरात नसती तर आलीच नसती, हे कशावरून? जतेकडे पाऊस बरा झाला, द्राक्षाला भाव मिळाला, म्हणून आली नसतील कशावरून?

हा प्रश्न सांगलीच्या एका व्यापाऱ्याने विचारला म्हणून लहान समजू नये. ईबे या अमेरिकेतील मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेऊन २०१२ साली प्रयोग केला होता. ईबे हे नाव शोधणाऱ्यांना दाखवायची सशुल्क जाहिरात त्यांनी काही शोध-संकेतस्थळांवर बंदच केली. जाहिरातीवरून येणारे लोक कमी झाले, पण त्यांतील ९९.५ टक्के लगेच खालच्या फुकट दुव्यावरून आत आले. म्हणजे जे येणारच होते, त्यांना आणण्यासाठी पैसे दिले जात होते. हा अभ्यास २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो: जे ईबेवर नवे होते किंवा क्वचित खरेदी करीत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम खरोखर झाला. जुन्या गिऱ्हाइकासाठी वाया, नव्यासाठी उपयोगी. ती उदाहरणे शोध-जाहिरातीची होती, तरी सूनबाईंनी खोडलेल्या २७ फुल्या आणि ठेवलेल्या १३ फुल्या यांच्यामागे हाच विवेक होता.

त्यांनी मग लग्नसराईत चार आठवडे एक छोटा प्रयोग केला. पलूस आणि विट्याकडे जाहिरात चालू ठेवली, जत आणि कवठेमहांकाळकडे बंद केली. जाहिरात कोणत्या गावी दिसावी हे ठरवता येते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. चालू बाजूने पाच नवी घरे आली, बंद बाजूने तीन. सूनबाईंनी हा कागद काकांपुढे ठेवला आणि यावरून काही ठरत नाही, असे स्वतःच सांगितले. पाच आणि तीन यांतील फरक एखाद्या मुहूर्तानेही पडू शकतो. ईबेजवळ कोट्यवधी भेटी होत्या. एका दुकानाजवळ आठ घरे. लहान व्यापाऱ्याला अशा प्रयोगातून खात्री मिळत नाही. मिळतो तो कल, आणि तोही तीन-चार हंगाम तोच प्रयोग केला तर.

काकांची दुसरी गोष्ट त्या रविवारीच निघाली होती, आणि तिने घरात अधिक खळबळ केली. खर्च धरायचा तर पुरा धरा, असे ते म्हणाले होते. दोन महिने रोज तीन तास कोणीतरी चित्रे काढते, उत्तरे देते, रात्री अकराला फोन घेते. बाहेरची मुलगी ठेवली असती तर महिन्याला दहा हजार घेतले असते. ते कुठे आहेत या कागदावर?

हे त्यांनी तोटा मोठा दाखवण्यासाठी म्हटले, की आणखी कशासाठी, हे सांगता येत नाही. परंतु त्या वाक्याने सूनबाईंच्या कामाची किंमत त्या घरात प्रथमच उच्चारली गेली. गेली चार-पाच वर्षे ते काम कोणत्याही वहीत नव्हते. ते ‘फोनवर असते’ या सदरात मोडत होते. २०,००० रुपये खर्चात धरले आणि २१,०४० मधून वजा केले, तेव्हा १,०४० रुपये उरले. म्हणजे त्या हंगामात जाहिरातीने जवळजवळ जेवढे खाल्ले तेवढेच कमावले.

अण्णांना सुनेला पगार देण्याची कल्पना रुचली नाही. घरच्या माणसाला मोलाने ठेवल्यासारखे दिसेल, असे ते म्हणाले. काका मात्र हट्टाला पेटले, की खर्च लिहायचा असेल तर तो दिलाही पाहिजे, नाहीतर लिहू नका. सनदी लेखापालांना विचारले गेले. नातेवाइकास दिलेला मोबदला कामाच्या मानाने वाजवी असेल तर तो खर्चात धरता येतो, असे त्यांनी सांगितले. आठ-दहा दिवस हा विषय दुकानात निघाला की कोणी ना कोणी उठून कपाट लावायला जाई.

अखेर जे ठरले ते असे. सल्लागार बंद. दोन हजारांवरील मागणीस आगाऊ दोनशे रुपये घेतल्याविना पार्सल निघणार नाही. मागण्या काही कमी झाल्या, परती त्याहून कमी झाल्या. शहरातील आणि जुन्या खात्याच्या गिऱ्हाइकांना सशुल्क जाहिरात दाखवायची नाही, त्यांना व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचे. सूनबाईंना दरमहा दहा हजार, बँकेत, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर. आणि ही सारी रक्कम जाहिरात खाते नावे, दुकानाच्या वहीत. कोणाच्याही घराच्या नव्हे. हे शेवटचे वाक्य काकांनीच दिवाणजींना लिहायला सांगितले.

काका हल्ली सुरतेस गेले, की तिथूनच नव्या वाणांची छायाचित्रे पाठवतात आणि प्रत्येकाला वेगळी खूण लावायला सांगतात. कोणत्या चित्रावर किती जण आत आले, ते परतीच्या गाडीत फोनवर विचारून घेतात. गेल्या खेपेला त्यांनी अकरा छायाचित्रे पाठवली होती. चारांवर मागणी आली. उरलेल्या सातांपैकी पाच वाणांचा माल त्यांनी आधीच बांधून घेतला होता.